शित्झू की ल्हासा? पिल्लू घरी आणण्याआधी

बुंदी ही आमची कुत्री. आमच्याकडे आली तेव्हा शित्झू होती. म्हणजे विकणाऱ्याने तसं सांगितलं होतं आणि आम्ही माना डोलावल्या होत्या. सहा महिन्यांची झाल्यावर नसबंदीची चौकशी करायला दवाखान्यात नेली, तर डॉक्टरांनी हनुवटी धरून तिचं तोंड बाजूला वळवलं आणि म्हणाले, "शित्झू कोणी सांगितलं तुम्हाला? ल्हासा आहे ही. नाक बघा." घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. पेपरातून मान वर न काढता त्या म्हणाल्या, "तरीच. बेल वाजली की घर डोक्यावर घेते."

आम्हाला शित्झू हवी होती ती नेमकी याचसाठी, की ती कमी भुंकते. दुपारी सासूबाई झोपतात, नवऱ्याचे ऑफिसचे कॉल घरूनच चालतात. बुंदीला परत द्यायचं कोणाच्या मनातही आलं नाही, पण पहिलं वर्ष जड गेलं. पुढच्या वर्षी नागपूरच्या माझ्या धाकट्या बहिणीने शित्झू आणला, खराखुरा, नाव लाडू. तेव्हापासून दोन्ही जाती जवळून बघते आहे. दोघांचे केस बारीक कापले की आमच्या सोसायटीतली मुलं त्यांना जुळी भावंडं म्हणतात. स्वभावाने मात्र एक येईल त्याच्या मांडीवर बसणारा आणि दुसरी वॉचमन.

या दोन्हींतलं एक घ्यायचं ठरवत असाल, तर मी ज्या क्रमाने करायला हवं होतं त्या क्रमाने लिहिते.

१. आधी नजर तयार करा

फोटो समोरून काढलेला असतो आणि समोरून फरक कळत नाही. बाजूने बघा. शित्झूचं नाक चेहऱ्यात दाबल्यासारखं, जेमतेम इंचभर. डोळे मोठे, गोल, थोडे पुढे आलेले. नाकावरचे केस वरच्या दिशेने वाढतात, त्यामुळे तोंड शेवंतीच्या फुलासारखं दिसतं. ल्हासाचं नाक दीड इंचाच्या आसपास, डोकं अरुंद, डोळे लांबट आणि केसांच्या पडद्यामागे. हात फिरवला तर ल्हासाचे केस जाड, सरळ आणि काहीसे राठ लागतात, शित्झूचे मऊ.

मापात फार अंतर नाही. शित्झू ९ ते साडेदहा इंच उंच, ४ ते ७ किलो; ल्हासा १० ते ११ इंच, साडेपाच ते ८ किलो. दोघंही सांभाळले तर १२-१५ वर्षं सहज काढतात. हा आकडा घरातल्या प्रत्येकाला ऐकवा. आज दुसरीत असलेली मुलगी कॉलेज संपवेल तेव्हाही कुत्रा घरात असेल.

गोंधळ होतो याची लाज वाटून घेऊ नका. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये कुत्र्यांच्या प्रदर्शनांत काही काळ दोन्ही जाती 'ॲप्सो' याच नावाने ('ल्हासा ॲप्सो' हे ल्हासाचं पूर्ण नाव) उभ्या राहत होत्या, मग त्या वेगळ्या केल्या गेल्या. दोघांचं मूळ तिबेटकडेच जातं. पण ल्हासा तिथल्या मठांमध्ये आणि मोठ्या घरांमध्ये आतल्या पहाऱ्याला असायचा: बाहेर दांडगे मॅस्टिफ आणि आत हे छोटे, तिखट कानाचे. शित्झू चीनच्या राजवाड्यात लाडावला गेला. तिथे त्याचं काम एकच, मांडीवर बसणं. इतकी शतकं उलटली तरी दोघांनीही आपापली नोकरी सोडलेली नाही.

२. कुत्र्याआधी घर तपासा

वहीत चार प्रश्न लिहा आणि खरी उत्तरं द्या.

पहिला प्रश्न: दिवसातून बेल किती वेळा वाजते? आमच्याकडे दूधवाला, पेपरवाला, कचरेवाली, कामाच्या मावशी, कुरिअरची दोन माणसं आणि वरच्या मजल्यावरची चुकून आमची बेल दाबणारी एक छोटी मुलगी. ल्हासाला यातला प्रत्येक जण संशयित. आणि तो उगाच भुंकत नाही, विचार करून भुंकतो. बुंदी आधी लिफ्टचं दार ऐकते, मग पावलं ऐकते, ओळखीची असतील तर शेपूट हलते, नसतील तर सुरुवात. लाडूच्या घरी एकदा गॅसवाला थेट स्वयंपाकघरापर्यंत गेला, तर हा त्याच्या पायाशी पोट वर करून पडला. भिंती पातळ असतील, खालचे काका चिडके असतील, तर शित्झू बरा. घरात एकटं माणूस असेल आणि कोणी आलं की कळावं असं वाटत असेल, तर ल्हासासारखी बेल नाही.

दुसरा: मे महिन्यात तुमच्या घरात किती उकडतं? हा प्रश्न पुण्यात मला सुचला नव्हता, नागपूरला समजला. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही; धापा टाकून, तोंडातला आणि नाकातला ओलावा उडवून तो अंग थंड करतो. शित्झूचं नाकच आखूड, त्यामुळे ही सोय अपुरी पडते. नागपूरला पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा लाडू सकाळी ६ ला एकदा आणि रात्री १० नंतर एकदा, एवढाच बाहेर पडतो. मधला सगळा वेळ कूलरसमोरच्या ओल्या गोणपाटावर. एका दुपारी वीज गेली आणि तासाभरात त्याची जीभ गडद लाल झाली, लाळ चिकट झाली, चाल लटपटली. बहिणीने साध्या पाण्याने पोट आणि पंजे भिजवले, पुठ्ठ्याने वारा घातला आणि तशाच अवस्थेत दवाखाना गाठला. बर्फाचं पाणी ओतू नका, साधं गार पाणी पुरतं. वाचला. विदर्भ, मराठवाडा, खानदेश इथे राहत असाल आणि एसी किंवा इन्व्हर्टर नसेल, तर शित्झूचा विचार सोडा असं मी स्पष्ट सांगते. ल्हासालाही ऊन सोसत नाही, पण श्वास तरी मोकळा असतो.

तिसरा: घरात पाच वर्षांखालचं मूल आहे का? शित्झू ओढाताण बरीच सहन करतो. ल्हासाला आपली इज्जत फार. झोपेतून उठवलं, ताटलीजवळ हात नेला, कान ओढला, की आधी गुरगुरतो आणि तेही ऐकलं नाही तर दात लावतो. अर्थात कुठल्याही कुत्र्याबरोबर लहान मुलाला एकटं ठेवायचं नसतंच.

चौथा: दिवसा घरी कोण? शित्झूला माणूस लागतं. सलग आठ-नऊ तास एकटा राहिला की तो कुढतो, पाय चाटून चाटून लाल करतो. ल्हासा तासन् तास खिडकीत बसून सोसायटीवर नजर ठेवू शकतो. तरी रोज नऊ तास कुलूप असलेल्या घरात कुठलाच कुत्रा आणू नये असं माझं मत आहे.

शिकवण्याबद्दल: शित्झू तुम्हाला खूश करायला बघतो, पण शी-शूची शिस्त लागायला वेळ घेतो. पावसाळ्यात तर ओल्या फरशीवर पाय ठेवायचा म्हणजे लाडूच्या जिवावर येतं. ल्हासाला शिस्त लवकर समजते. पाळायची की नाही ते तो ठरवतो.

३. केसांचा हिशेब आधीच करा

"केस गळत नाहीत" म्हणून या जाती लोकप्रिय झाल्या. गळत नाहीत हे बऱ्याच अंशी खरं. जे केस सोफ्यावर पडायचे ते अंगातच अडकतात आणि गाठी होतात. कानामागे, काखेत, मांडीच्या आत. बाहेरून मऊ गालिचा आणि आत नमदा. दहा-बारा महिन्यांच्या सुमाराला पिल्लाचे केस जाऊन मोठे केस येतात, तेव्हा तर रोज विंचरावं लागतं. मी त्या महिन्यात चार दिवस गावाला गेले. परत आले तेव्हा गाठी सुटेनात, शेवटी मशीन फिरवावं लागलं. बुंदी आठवडाभर टेबलाखाली लपून होती, सोललेल्या रताळ्यासारखी.

लांब केस ठेवायचे असतील तर रोज २०-३० मिनिटं. बारीक कापायचे असतील तर पाच-सहा आठवड्यांनी ग्रूमर, आणि मधे एक दिवसाआड कंगवा. आम्ही पुण्यात एका वेळेला १२०० ते १५०० रुपये देतो. वर्षाचा गुणाकार करून बघा. दोन्ही जातींना हा खर्च सारखाच.

इथला सापळा: "दम्याच्या माणसालाही चालतो." ॲलर्जी केसांची नसते, लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांची असते. घरात कोणाला त्रास असेल तर आधी ओळखीच्या कुत्र्याबरोबर दोन-तीन दुपारी काढून बघा.

४. दुखणी ओळखून ठेवा

शित्झूचं पहिलं दुखणं डोळे. पुढे आलेल्या डोळ्याला केस, धूळ, मांजराचं नख, काहीही लागतं आणि जखम होते. डोळा मिटून धरला किंवा निळसर पांढरा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर. "उद्या बघू" नाही. गळ्यातल्या पट्ट्याने ओढू नका, छातीवरचा हार्नेस वापरा. आखूड नाकाला श्वासाचा त्रास, शिवाय गळ्यावर ताण आला तर डोळा खोबणीबाहेर येण्याचाही धोका असतो.

ल्हासाला कातडीची ॲलर्जी, कोरडे डोळे आणि हळूहळू दृष्टी जाण्याचा आनुवंशिक आजार दिसतो. दोघांनाही गुडघ्याची वाटी सरकणं, दात किडणं, कान वाहणं, आणि लहानपणीच मूत्रपिंड नीट न वाढण्याचा आजार होऊ शकतो. पिल्लू वयाच्या मानाने फार पाणी पितंय, फार शू करतंय आणि वाढत नाहीये, असं दिसलं तर रक्ततपासणी करून घ्या.

५. पिल्लू कुठून आणायचं

मी इथेच आपटले, म्हणून सविस्तर.

आम्ही बुंदीला ४५ दिवसांची असताना आणली. "सगळे याच वयाला देतात" असं सांगितलं गेलं आणि ते खरंही आहे, सगळे देतात. पण २०१७ च्या कुत्र्यांचं प्रजनन आणि विक्री याबद्दलच्या केंद्राच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. ब्रीडरची नोंदणी राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे असावी लागते, मादी किमान १८ महिन्यांची व्हायच्या आत तिची पिल्लं घेता येत नाहीत, लागोपाठच्या दोन माजांना नाही, आणि आयुष्यात पाच वेतांपेक्षा जास्त नाही. फोनवरच नोंदणी क्रमांक विचारा. समोरचा चिडला तर उत्तर मिळालं.

दुसरं म्हणजे आई बघा. दोन महिन्यांच्या पिल्लाचं नाक दोन्ही जातींत आखूडच असतं. आमची फसगत तिथेच झाली. आईचं नाक बघितलं असतं तर बुंदी सहा महिन्यांची होईपर्यंत थांबावं लागलं नसतं. "आई गावाला आहे," "आई दुसऱ्या फार्मवर आहे," असं ऐकलं की उठायचं. आम्ही पार्किंगमध्ये उभ्या गाडीतून, बुटाच्या खोक्यातून पिल्लू घेतलं. लिहितानाही कसंतरी होतं.

तिसरं: 'टीकप', 'टॉय', 'इम्पीरियल' असले शब्द लावून दुप्पट पैसे मागतात. अशी कुठलीही मान्य जात नाही. ते अशक्त किंवा वयाने लहान पिल्लू असतं.

चौथं: ऑनलाइन जाहिरात, गोंडस फोटो, निम्मी किंमत, "आधी ॲडव्हान्स पाठवा, विमानाने पोचवतो." पैसे गेले, पिल्लू नाही. माझ्या ऑफिसातल्या दोघांचे गेले. व्हिडिओ कॉलवर पिल्लू आईजवळ दाखवा म्हणा, आणि प्रत्यक्ष गेल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

आणि एक पर्याय ज्याकडे कोणी बघत नाही: मोठा कुत्रा दत्तक घेणं. केसांचा कंटाळा आला, बदली झाली, बाळ झालं, म्हणून दोन-तीन वर्षांचे शित्झू आणि ल्हासा लोक सोडून देतात. निवारा चालवणाऱ्या संस्थांकडे विचारा. नाक किती, भुंकणं किती, स्वभाव कसा, सगळं समोर दिसतं. पहिल्यांदाच कुत्रा आणणाऱ्या घराला मी हेच आधी सुचवीन.

६. बघायला जाल तेव्हा

दिवसाउजेडी जा आणि मुलांना घरी ठेवा. मुलं बरोबर असली की पहिलंच पिल्लू घरी येतं. पिल्लू छातीशी धरून गप्प बसा आणि श्वास ऐका. घरघर नको. नाकपुड्या उघड्या हव्यात, चिरेसारख्या मिटलेल्या नकोत. डोळ्यांत चिपाडं नकोत. कानाला नाक लावा, आंबट वास नको. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं असेल तर जंत आहेत. बेंबीशी मऊ फुगा असेल तर हर्निया, तो डॉक्टरांना दाखवा. शेपटीखाली जुलाबाचे डाग बघा. आजूबाजूच्या एका जरी पिल्लाला उलट्या-जुलाब असतील तर तिथून काहीच उचलू नका. पार्वो (पिल्लांचा जीवघेणा, संसर्गजन्य जुलाब) असेल तर तुमचंही पिल्लू चार दिवसांत जाऊ शकतं.

७. कागदपत्रं

विकणाऱ्याकडून:
– लसीकरण कार्ड, त्यावर लसीच्या बाटलीचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांचा शिक्का (नुसती निळ्या पेनने लिहिलेली तारीख चालत नाही)
– जंताचं औषध कधी दिलं त्याची नोंद
– पावती: जात, जन्मतारीख, रक्कम, दोघांच्या सह्या. आमच्याकडे पावती नव्हती, म्हणून 'शित्झू' असं सांगितल्याचा पुरावाही नव्हता
– 'पेपरवालं' पिल्लू म्हणून जास्त पैसे घेत असतील तर केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी, आणि त्यातला कातडीखालच्या मायक्रोचिपचा क्रमांक. डॉक्टरांकडच्या स्कॅनरवर तोच क्रमांक दिसला पाहिजे. "पेपर नंतर कुरिअर करतो" म्हणाले तर पेपराचे पैसेही नंतर द्या

महापालिकेच्या परवान्यासाठी: रेबीज लसीचं प्रमाणपत्र, तुमचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, कुत्र्याचा फोटो, नसबंदी झाली असल्यास तिचं प्रमाणपत्र. परवाना दरवर्षी नवा करायचा असतो हे निम्म्या लोकांना माहीत नसतं.

सोसायटीबद्दल: ॲनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनसुद्धा कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण त्या कागदाची प्रत मीटिंगमध्ये फडकवण्याआधी शी उचलायची पिशवी खिशात ठेवायला लागा. आमच्या सेक्रेटरींचं मन पिशवीने वळलं.

८. सामान

स्टीलचा कंगवा (एका बाजूला दाट दाते, एका बाजूला विरळ), स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा), गाठी सोडवायचा स्प्रे, बोथट टोकाची कात्री, नखं कापायचं यंत्र, छातीचा हार्नेस, जड स्टीलची किंवा सिरॅमिकची ताटली, कुत्र्यांचा शाम्पू. आपला शाम्पू नको. गोचिडांचं औषध डॉक्टरांना विचारूनच, वजनाप्रमाणे. पावसाळ्यात आणि नंतर गोचिडांपासून येणारा ताप या कुत्र्यांना फार होतो, आणि एवढ्या केसांत गोचीड दिसत नाही. बोटांनी चाचपून शोधावी लागते. दिवाळीच्या आसपास गवत वाळलं की कुसळं. पंजाच्या बेचक्यात आणि कानात शिरतात. टेकडीवरून आलं की आधी पंजे, मग आपला चहा.

पलंग, स्वेटर, रेनकोट यातलं काही लागत नाही. बुंदी पायपुसण्यावर झोपते.

९. पहिला महिना

पहिले दोन दिवस नातेवाइकांना बोलावू नका. विकणाऱ्याकडे जे खात होतं तेच आठवडाभर द्या, मग हळूहळू बदला. डॉक्टर ठरवतील त्या अंतराने सेव्हन-इन-वन किंवा नाइन-इन-वन या एकत्रित लसीचे डोस पूर्ण करा. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर. डोस पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडू नका, पण कडेवर घेऊन रोज बाहेर न्या. ल्हासाच्या बाबतीत तर हे कराच. रिक्षा, भाजीवाला, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकणारे आजोबा, शाळा सुटल्यावरचा गोंगाट, सगळं चार महिन्यांच्या आत दाखवा. आम्ही बुंदीला लस पूर्ण होईपर्यंत घरातच ठेवली, आणि हेल्मेट तिला आजही शत्रू वाटतं.

घरात सगळ्यांना सांगा: कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणे अजिबात नाही. सणासुदीला हे विसरतं. शिऱ्यातले बेदाणे, चिवड्यातले मनुके, आलेल्या ड्रायफ्रूटच्या खोक्यातले. बेदाण्याने मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि आजी "एवढ्याशाने काय होतंय" म्हणतेच.

बेलचं शिक्षण पहिल्या आठवड्यातच सुरू करा. एकाने बाहेर जाऊन बेल दाबायची, दुसऱ्याने आत त्याच क्षणी जमिनीवर उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा टाकायचा. दार उघडायचंच नाही. दिवसातून दहा वेळा, शेजाऱ्यांना आधी सांगून. शित्झूला आठवडा पुरतो. आम्ही उशिरा सुरू केलं, म्हणून बुंदीला तीन महिने लागले. दूधवाल्यावर ती आता भुंकत नाही. पेपरवाल्याचा निकाल अजून राखून ठेवला आहे.